कासमभाईंची फळी

चांदा जिल्ह्यातला माणूस लिहायला बसला म्हणजे वाघ येणारच, असं धरून तुम्ही सावरून बसला असाल. तर तसं काही नाही. ह्यात वाघ नाही, अस्वल नाही, मोहाची दारू नाही. ह्यात गोल्फ आहे. हसा. मीही हसलो होतो. चामोर्शीच्या शाळेत शिकून चांद्याला मॅट्रिक झालेल्या माणसाला गोल्फ हे नाव एखाद्या खोकल्याच्या औषधाचं वाटलं तर त्यात त्याची काय चूक?

घुग्घुसच्या बाजूला, वर्धा नदीच्या अलीकडे एक कोळशाची खाण आहे. तिच्या ऑफिसात मी कारकून म्हणून लागलो, त्या पहिल्याच आठवड्यात एक कागद घेऊन मला क्लबात धाडलं. खाणीच्या मागे उघडा माळ. तिथं इंग्रज साहेबांनी नऊ होलांचं मैदान आखून ठेवलेलं. साहेब बोटीत बसून गेले, मैदान इथंच राहिलं. त्या माळावर एक काटकुळा म्हातारा उलटा चालत होता. डोक्याला गमछा, हातात लांब दांड्याची लाकडी फळी. एक पाऊल मागे टाकायचा आणि समोर उमटलेलं स्वतःचंच पाऊल फळीनं पुसून काढायचा. चोरसुद्धा इतकी काळजी घेत नाहीत. मी जवळ जाऊन विचारलं, "काय बाबा, कोणापासून पळून राह्यले?"

मान वर न करता म्हातारा म्हणाला, "तुह्या जोड्यापासून. तिथीच थांब."

हे कासमभाई.

नंतर समजलं ते असं. विलायतेत होलाच्या भोवती हिरवळ असते, गालिच्यासारखी. आमच्याकडे उन्हाळ्यात गवत तर सोडा, दगडसुद्धा वाळतात. म्हणून होलाभोवती नदीची रेती पसरायची, त्यात मशीनचं जळकं तेल कालवायचं आणि ठोकून गुळगुळीत करायची. ह्या तेलकट रेतीच्या गोल तुकड्याला ब्राऊन म्हणतात. त्यावरून बॉल होलाकडे सरपटतो. पण रेतीवर पाऊल उमटलं की बॉल वाकडा जातो. म्हणून प्रत्येक खेळणाऱ्याच्या आधी एकानं फळी ओढून बॉलच्या वाटेवरची रेती सारखी करून द्यायची. बावीस वर्षं कासमभाई ते करत होते. घरच्या अंगणातसुद्धा ते कधी कधी उलटे चालायचे, असं त्यांची बायको, खालाबी, सांगायची. ती म्हणायची, बुढा मेला तं कबरीतही उलटा जाईन.

ह्या फळीत एक गंमत होती, आणि ती फक्त ओढणाऱ्याला माहीत असायची. ओढताना एक बाजू जराशी दाबली की रेतीत बारीक नाली पडते. डोळ्याला दिसत नाही, पण बॉल मुकाट त्या नालीतून जाऊन होलात पडतो. कलकत्त्याचे मोठे साहेब एकदा आले तेव्हा आमच्या मॅनेजरसाहेबांनी कासमभाईंना बाजूला घेऊन सांगितलं की मोठ्या साहेबांच्या वेळी जरा बघ. कासमभाईंनी फळी रोजच्यासारखीच ओढली. मोठ्या साहेबांना एकाच ब्राऊनवर बॉल होलात घालायला तीनदा मारावं लागलं. संध्याकाळी मॅनेजरनं जाब विचारला. कासमभाई म्हणाले, "फळीले डोये नाईत, साहेब. तिले कोन मोठा, कोन लहान, दिसत नाई."

हे मॅनेजरसाहेब म्हणजे गोरे नव्हेत बरं. गोरे गेल्यावर आलेले, आपलेच, तुमच्या-माझ्या रंगाचे. विलायतेत दोन वर्षं राहून खाणीचं शिकून आले होते आणि तिथलं सगळं सामान बरोबर घेऊन आले होते, तिथली थंडीसुद्धा. मे महिन्यात कोट घालायचे. बोलण्याआधी दोनदा खाकरायचे, आणि प्रत्येक वाक्याच्या शेपटीला "अंडरस्टँड?" लावायचे. मी पोरपणापासून नकल्या. आमच्या हेडमास्तरांपासून बाजारातल्या लिलाववाल्यापर्यंत कोणाला सोडलं नव्हतं, तेव्हा ह्यांना कसं सोडणार? दुपारच्या सुट्टीत मी दोनदा खाकरलो की अख्खं ऑफिस उठून उभं राहायचं आणि मग शिव्या घालत बसायचं. कासमभाईंसमोर ही नक्कल केली तेव्हा ते हसले नाहीत. "चांगलं करते," एवढंच म्हणाले, "पन आवाज उधार हाय."

खेळण्यात कासमभाईंच्या जवळपासही कोणी नव्हतं. साहेब लोक उठायच्या आधी, पहाटे, ते आपल्या तीन काठ्या घेऊन माळावर जायचे. काठ्या त्यांनीच केलेल्या. धामणाच्या लाकडाचा दांडा, ते लाकूड लवतं पण मोडत नाही. खाली शिसवीचं डोकं, तासून तासून साबणाच्या वडीसारखं केलेलं. साहेबांच्या मोडलेल्या विलायती काठ्याही तेच दुरुस्त करायचे, त्यांनाही धामणाचे दांडे बसवायचे, आणि साहेब त्या काठ्यांनी खेळून वर सांगायचे की विलायतचा माल तो विलायतचा माल. मी एकदा पहाटे बघायला गेलो. कासमभाई आधी खाली बसले. जमिनीवर तळवा टेकवला, दोन्हीकडे पाहिलं, आणि मग उठून मारलं. बॉल पळसाच्या झाडावरून गेला आणि होलापासून हातभर अंतरावर पडला. मी म्हटलं, हे कसं जमवता? "जमिनीले इचार, मंग मार," ते म्हणाले. "हे साहेब लोक पयले मारते, मंग जमिनीले शिव्या देते."

क्लबातून जुनी इंग्रजी मासिकं रद्दीत निघायची. कासमभाई त्यातली खेळाची चित्रं असलेली तेवढी बाजूला काढायचे. त्यांना उर्दू येई, इंग्रजी नाही. मग संध्याकाळी मी वाचून अर्थ सांगायचा. खालाबी चहा करायची आणि म्हणायची, झाली तुमची पोथी सुरू. एका मासिकात विलायतेतल्या सगळ्यात जुन्या, सगळ्यात मानाच्या सामन्याची हकिगत होती. आजही त्याच्यासाठी अमेरिकेपासून आफ्रिकेपर्यंतचे खेळाडू समुद्र ओलांडून येतात, आणि चांदीची एक सुरई जिंकणाऱ्याचं नाव तिच्यावर कोरतात. माझी अशी समजूत की हा सामना कोणा राजानं किंवा लॉर्डानं सुरू केला असेल. तर नाही. पहिल्या वर्षी खेळले ते आठ जण. आणि ते आठ कोण? काठ्या घडवणारे. बॉल शिवणारे. मैदान राखणारे. साहेबांची ओझी वाहणारे. साहेबांना त्या वर्षी त्यात प्रवेशच नव्हता. पुढच्या वर्षापासून त्यांनाही येऊ दिलं.

हे ऐकून कासमभाईंनी कप खाली ठेवला. "पुन्ना वाच," म्हणाले.

मी पुन्हा वाचलं.

"म्हंजे साहेबाईले आपल्या लोकाईनं आत घेतलं?"

"तसंच लिहून हाय."

त्या पहिल्या सामन्याचं बक्षीस म्हणजे लाल चामड्याचा एक कमरपट्टा, चांदीच्या बक्कलाचा. जो लागोपाठ तीनदा जिंकेल त्याचा तो कायमचा. एका पोरसवदा खेळाडूनं तसा तो जिंकून घरी नेला, आणि द्यायला दुसरं काही नाही म्हणून पुढच्या वर्षी सामनाच झाला नाही. यावर कासमभाई इतके हसले की खालाबी बाहेर बघायला आली. पण त्याच मासिकात पुढे असंही होतं की त्याच विलायतेत कित्येक वर्षं, असले पैसे घेऊन खेळणारे खेळाडू जगात पहिले आले तरी त्यांना क्लबाच्या पुढच्या दारानं आत घेत नसत. मागच्या दारानं या, पडवीत कपडे बदला. हे मी वाचलं तेव्हा मात्र ते हसले नाहीत. "आपल्या क्लबात मांगचं दार बी नाई," म्हणाले.

हे पान मी वाचूनच दाखवलं नसतं तर बरं, असं मला आता वाटतं, कारण त्या पानामुळेच त्यांनी ती गोष्ट केली. आमच्या क्लबाचा सालाना सामना थंडीत व्हायचा. बावीस वर्षं कासमभाई त्यात फळी ओढत आले होते, एकदाही काठी उचलली नव्हती. त्या साली ते धुतलेला पायजमा घालून, टोपी नीट बसवून ऑफिसात आले. थेट मॅनेजरसाहेबांच्या टेबलासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "साहेब, औंदा मले खेळू द्या. एकच डाव." मी बाजूच्या खोलीत टाइप करत होतो. मधलं दार उघडं होतं.

साहेब दोनदा खाकरले. मग त्यांनी समजावून सांगितलं, अगदी प्रेमानं, आणि त्या प्रेमाचाच मला जास्त संताप येतो. म्हणाले, कासम, तू ह्या मैदानावर पगार घेतोस. म्हणजे तू प्रोफेशनल झालास. हा कप हौशी लोकांचा, जंटलमन लोकांचा. रूल इज रूल, अंडरस्टँड? कासमभाई म्हणाले, "जी साहेब," आणि गेले. मी पुन्हा टाइप करायला लागलो.

आता ह्या नियमाचं पुढे काय झालं ते ऐका. त्याच सामन्याला कंपनीनं कलकत्त्याहून एक गोरा पाहुणा बोलावला. मासिकात ज्या सामन्याची हकिगत होती त्याच सामन्यात हा चार-पाच वेळा खेळलेला होता. जन्मभर पैसे घेऊन खेळलेला, आणि इथंही घेऊनच आलेला. म्हणजे शंभर टक्के प्रोफेशनल. त्याच्यासाठी कमान उभारली. चांद्याहून झेंडूचे हार आणले. त्याला पुढच्या दारानं आत घेतलं, आणि दार लहान पडतं की काय म्हणून दोन्ही झडपा उघडल्या. साहेब त्याच्यापुढे इतके वाकत होते की कोटाची मागची शिवण उसवायची तेवढी राहिली. मी हे सगळं बघत होतो आणि माझ्या डोक्यात लाह्या फुटत होत्या. अरे, पगार घेणं पाप असेल तर दोघांना असू दे. गोऱ्यानं घेतला तर तो कलावंत, आणि कासमभाईंनी घेतला तर नोकर? हा नियम कोणी केला? विलायतेनं तरी नाही केला, विलायतेत तर कासमभाईंसारख्यांनीच डाव मांडला होता.

सामन्याच्या दिवशी सकाळी मी ऑफिसात फोनच्या बोर्डावर होतो. क्लबातून फोन आला. फोनवर घोषबाबू, क्लबाचे सेक्रेटरी. गरीब माणूस, साहेबांचा आवाज ऐकला की फोनवरसुद्धा उभा राहायचा. आलापल्लीच्या जंगलखात्याचे अधिकारी येऊ शकत नव्हते, जीप वाटेत बंद पडली होती. शेवटच्या टोळीत एक माणूस कमी. काय करायचं ते साहेबांना विचारायचं होतं, जरा बंगल्याला जोडून द्या म्हणाले. साहेब बंगल्यावर पाहुण्याबरोबर अंडी खात होते. लाइन जोडायला मला बोर्डात फक्त एक खुंटी खुपसायची होती. मी खुपसली नाही. मी दोनदा खाकरलो.

"घोष, पुट कासम इन. लास्ट ग्रूप. अंडरस्टँड?"

"येस सर," घोषबाबू म्हणाले.

पुढचं मी डोळ्यांनी पाहिलं, कारण शेवटच्या टोळीची वेळ झाली तसा बोर्ड दुसऱ्याच्या हवाली करून मी माळावर पळालो. साहेब पाहुण्याबरोबर पहिल्या टोळीत खेळून पुढे निघून गेले होते. शेवटच्या टोळीत कासमभाईंबरोबर दोन जवान इंजिनियर होते. सामन्याच्या दिवशी प्रत्येक ब्राऊनवर एकेक मजूर फळी घेऊन उभा असायचा, सगळे कासमभाईंनीच शिकवलेले. पहिल्या ब्राऊनवर मजूर उस्तादांसाठी फळी ओढायला आनंदानं पुढे झाला, तर कासमभाईंनी त्याला थांबवलं. फळी घेऊन एका इंजिनियरच्या हातात दिली. म्हणाले, "माह्या वाटेवर तुमी वढा. माह्या मानसानं वढली तं उद्या लोक बोलतीन."

इंजिनियरनं जन्मात फळी धरली नव्हती. त्यानं ओढली ती बैलगाडीच्या पांदणीसारखी, उंचवटे आणि खड्डे. कासमभाई खाली बसले, तळवा टेकवला, बराच वेळ पाहत राहिले. मग त्या खड्ड्यांमधूनच बॉल होलात घातला. नऊच्या नऊ होलांवर हेच. त्यांच्या वाटेवर इंजिनियर वाकडीतिकडी फळी ओढायचा, आणि इंजिनियरांच्या वाटेवर कासमभाई स्वतः, आरशासारखी. चौथ्या होलापासून ते दोघे इंजिनियर आपला खेळ विसरून त्यांचाच बघायला लागले. गोल्फात ज्याला कमी वेळा मारावं लागतं तो जिंकतो, आणि पाहुणा बक्षिसाच्या हिशेबात नव्हता. शेवटी हिशेब झाला तेव्हा साहेबांना नऊ होलांसाठी एक्केचाळीस वेळा मारावं लागलं होतं, आणि कासमभाईंना सदतीस.

दुपारी मांडवात चहा, लाडू आणि बक्षीस समारंभ. घोषबाबूंनी कागद उलगडला आणि वाचलं, पहिला नंबर, कासम शेख. मजुरांनी मांडवाच्या बाहेरून टाळ्या वाजवल्या. साहेब उठले. हा कसा खेळला, म्हणाले. घोषबाबूंनी कागद पाठीमागे लपवला. सर, आपणच तर फोनवर सांगितलं, म्हणाले. मी? मी कुठलाही फोन केला नाही, साहेब म्हणाले.

ऑफिसातली मंडळी हळूहळू माझ्याकडे बघायला लागली, कारण साहेबांचा दुसरा गळा कोणाकडे आहे हे साहेब सोडून सगळ्यांना ठाऊक होतं. माझ्या हातात लाडू होता. अर्धा तोंडात. कासमभाईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं, फार वेळ नाही. मग साहेबांसमोर जाऊन उभे राहिले.

"घोषबाबूची गलती नाई, साहेब. तुमचा हुकूम हाय असं सांगून मीच कोनाकडून तरी फोन करवला. खेळाचं मन झालं."

फोन करणाऱ्याचं नावही साहेबांनी विचारलं नाही. नोकरानं खोटं बोलणं त्यांना इतकं सहज पटलं की पुढे चौकशीच केली नाही. भरल्या मांडवात म्हणाले की उद्यापासून मैदानावर पाय ठेवायचा नाही, फळी इथंच ठेवून जा. आणि मग, तुम्हाला खोटं वाटेल, पण दुसरा नंबर साहेबांचा स्वतःचाच होता, म्हणून तो कप त्यांनी स्वतः घेतला. गोऱ्या पाहुण्याच्या हातून. पाहुण्यानं सगळं पाहिलं होतं, दुभाष्याची गरज नव्हती. तो कधी काळी मागच्या दारानं गेलेला माणूस. त्यानं आपल्या बुटांकडे पाहिलं आणि कप देऊन टाकला. त्याचा मला किती राग आला म्हणून सांगू. तोंड होतं ना त्याला? त्याचं तर साहेबांनी ऐकलं असतं.

कासमभाई बल्लारशाच्या लाकडाच्या डेपोत नोकरीला गेले. लाकडांवर नंबर घालायचं काम. यंदाच्या पोळ्याच्या सुमारास तिथंच वारले. मी गेलो होतो. खालाबीनं मला ओळखलं, पाणी दिलं, आणि त्या तीन काठ्या कोणा जंगल मजुराच्या पोरांना खेळायला दिल्याचं सांगितलं. क्लबात अजून तो कप काचेच्या कपाटात आहे आणि त्यावर साहेबांचं नाव आहे. नवीन माणूस फळी ओढतो. बॉल वाकडे जातात.

पण त्या दिवशी, मांडव मोडल्यावर, मी क्लबामागच्या त्यांच्या खोपटात गेलो होतो. ऊन उतरलं होतं. ते काठ्या गोणपाटात गुंडाळत होते. मी अजून अभिमानानं फुगलेलोच होतो. म्हटलं, कासमभाई, काही बी म्हना, पन दाखवून देल्लं तुमी साऱ्याईले. साहेबाचं थोबाड पाह्यलं का?

त्यांनी सुतळीची गाठ मारली आणि मग माझ्याकडे वळले.

"मले वाटलं साहेबाले लाज आली," ते म्हणाले. "दोन घंटे वाटलं. पयल्या होलावर हुबा राह्यलो. मनात म्हटलं, आखरी बलावलं. बावीस साल झाले, पन बलावलं. अन् तो तू होता बे."

मी म्हटलं, तुमच्यासाठीच केलं ना मी.

"माह्यासाठी? मी टेबलासमोर हुबा होतो तवा तू कुठी होता? बाजूच्या खोलीत. तुह्या मशीनचा आवाज येत होता मले. मी इचारलं तवा थांबला, अन् साहेब नाई म्हनला तं पुन्ना सुरू झाला. तवा काऊन नाई उठला? एक शबद बोलला असता, साहेबानं ऐकलं नसतं तरी मी ऐकला असता. अन् आज मी झूट बोलून राह्यलो तं तू तोंडात लाडू घेऊन हुबा. पाहुन्याले शिव्या देत असशीन तू मनात. दे. पन तो तं परदेशी हाय, दिवाकर. तू तं माह्या घरचा चहा पेते."

माझे डोळे भरून आले, आणि ते लपवायला म्हणून मी नेहमीच्या सवयीनं खाकरलो. दोनदा.

कासमभाईंनी गोणपाट खांद्यावर टाकलं. "रडते तं रड," म्हणाले, "पन निदान सोताच्या आवाजात तं रड."